निरंक

यंत्रानं वैजयंतीचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला तेव्हा नोंदणी कार्यालयातली अख्खी रांग हसली.

"बाई, पदराला पुसा जरा," काचेपलीकडचा कारकून म्हणाला.

"पुसला नं बाप्पा. आनखी पुसला तं हाडूक लागन." वैजयंतीनं अंगठा डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता. "तीस वर्सांमागं यानंच एका दमात काम केलं होतं. शाईत बुडवला, दाबला, मोकळी झाली. तवा लय गुनाचा होता मेला."

सगळ्यांत मोठ्यानं हसला शिवम. तिच्या भावाचा, राजपालचा हा मुलगा. वय तेहतीस, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. येत्या पालिका निवडणुकीत उभं राहायचं ठरवल्यापासून कुणाच्याही विनोदाला हाच पहिला हसायचा. आत्याला तिच्या सासरहून, किन्हीराजाहून, साक्षीदार म्हणून गाडी पाठवून आणायची कल्पना त्याचीच. ज्या बाईनं माहेरच्या जमिनीतला आपला हक्क सोडला तिनंच भाचीच्या हक्कसोडीला साक्ष द्यावी, म्हणजे भाचीच्या डोळ्यांसमोर उदाहरण बसलेलं राहतं, असा त्याचा हिशेब.

चौथ्या खेपेला यंत्र वरमलं. हिरवा दिवा लागला.

शिवमची बहीण निकिता बाकावर लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या दिवशी पुढं जे झालं ते ऐकून कुणालाही उलटच वाटेल. घाई तिची तिलाच होती. धानोळी नगरपरिषदेनं शहराच्या आर्थिक विकासाचा आराखडा करून घेण्यासाठी निविदा मागवली होती आणि तिची मुदत आज दुपारी तीनला संपत होती.

धानोळीला याआधीही असा आराखडा होता. पाच वर्षांपूर्वी दूरच्या एका कंपनीनं केलेला. एकशे बारा पानं, चिकण्या कागदावर, आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावर मासेमारी बंदराच्या आधुनिकीकरणाची तरतूद. धानोळीहून समुद्र गाठायचा तर एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. कंपनीनं किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी गावाचा आराखडा नाव बदलून खपवला होता. सभेत तो एकमतानं मंजूर झाला. एवढंच नाही, एका सदस्यानं बंदर आपल्याच प्रभागात व्हावं अशी लेखी मागणी केली, आणि दुसऱ्यानं बोटींच्या भोंग्यानं शाळेला त्रास होईल म्हणून तिला हरकत घेतली.

निकिता तेव्हा पुण्याला नगररचना शिकत होती. तिनं ते पान वाचलं, मैत्रिणींना वाचून दाखवलं, सगळ्या लोळून हसल्या. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण आपल्या गावाला हसतो आहोत. तीन वर्षांपूर्वी ती परत आली. धानोळीतलं एक दुकान, एक गल्ली तिनं सोडली नाही. इथलं सोयाबीन ट्रकमध्ये बसून बाहेर जातं आणि त्याचंच तेल पिशवीत बसून परत येतं, मधलं सगळं दुसऱ्याच गावात घडतं, ते इथं कसं घडवायचं याचा तिनं नकाशा काढला होता. रिठदच्या रस्त्याला धान्याचा मोठा बाजार, त्याला लागून तेलाचे आणि डाळीचे कारखाने. हे काम मिळालं तर तो नकाशा गावात उतरणार होता. नाही मिळालं तर पुण्याच्या नोकरीचं पत्र टेबलाच्या खणात होतं, आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचं बंदर पुन्हा धानोळीला लागणार होतं.

आडवी आली ती अट क्रमांक चौदा. निविदा भरणाऱ्याच्या नावे नियोजन क्षेत्रात जमीन नसावी. रिठद रस्त्यावरच्या घरच्या अकरा एकरांच्या सातबाऱ्यावर आजोबा, वडील आणि भावाबरोबर निकिताचंही नाव होतं.

"मग माझं नाव काढून टाका," ती जेवताना म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी शिवमनं पेढे आणले होते.

आता कारकून म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्याकडं पाहा. डोळे उघडे ठेवा."

तिनं उघडे ठेवले. तरी फोटोत ते मिटलेलेच आले. कारकून म्हणाला, चालतं.

बाहेर उन्हात पांढऱ्या मोटारीला टेकून एक गृहस्थ उभा होता. सोनेरी काड्यांचा चष्मा. शिवम पायऱ्या उतरताच तो पुढं आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "झालं ना सगळं मोकळं?"

शिवमनं मान हलवली. गृहस्थानं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"कोन हाये रे थो?" गाडीत बसताना वैजयंतीनं विचारलं.

"दोस्त हाये आत्या."

दोस्त शिवमपेक्षा वीस वर्षांनी मोठा होता. पुढचा सगळा रस्ता वैजयंती उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून बसली होती.

तुळसाबाईचं पुरण पहाटेपासून चाललं होतं. बहिणीनं सही दिली की भावानं साडीचोळी करायची, ओटी भरायची, पुरणाचं जेवू घालायचं. ही रीत तिच्या सासरी होती, माहेरीही होती. तिनं स्वतः अठ्ठावीस वर्षांची असताना भावांना सही दिली तेव्हा तिच्या आईनंही असंच पुरण वाटलं होतं. त्या दिवशी पुरणात मीठ पडलं होतं का काय कोण जाणे, तिला चव आठवते ती खारटच.

देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी निकिताच्या डिजिटल सहीचा डोंगल ठेवला होता. बोटाएवढा, निळा. फर्म निकिताच्या नावाची, सही तिची, तो संगणकाला लावल्याशिवाय निविदा जात नाही, एवढं तुळसाबाईला समजलं होतं, आणि घरातून महत्त्वाची वस्तू देवापुढं बसल्याशिवाय बाहेर पडत नाही हे तिला त्याच्याही आधीपासून समजत होतं. निकितानं फक्त एवढंच केलं की कुंकू आत जाऊ नये म्हणून डोंगल प्लास्टिकच्या पिशवीत घातला. तुळसाबाईनं पिशवीला कुंकू लावलं.

एक वाजता पंगत बसली. म्हातारा इंद्रभान, राजपालचा आणि वैजयंतीचा बाप, पंख्याखालच्या खुर्चीत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. अकरा एकरांचा विषय निघाला की तो विहिरीवर यायचाच.

"हे आजकालचे बोर काय खोदतेत? आमची इहीर खंदली तवा इतकी खोल गेली, इतकी खोल गेली, का खालून पोहरादेवीच्या देवळातली घंटा आयकू ये. गडी घाबरून वर आले. म्हने मालक, आनखी खंदलं तं यात्रेतच निघू."

"आबा, मागल्या वेळी तुम्ही आरती ऐकू यायची म्हणाला होता," निकिता म्हणाली.

"आरती घंटेबिगर होते का वं?"

राजपाल हसला. निकिताला पाटावर बसवलं. शिवमनं स्वतः साडी तिच्या मांडीवर ठेवली: अंजिरी रंगाची, जरीकाठ. वर खण, वर नारळ. तुळसाबाईनं ओटी भरली.

"शोभते वं तुले," राजपाल म्हणाला. "आता तुह्या आराखड्याले कोनी आडवं येत नाई."

"तोंड गोड कर पह्यलं," तुळसाबाई म्हणाली.

दुसरी पोळी अर्धी झाली असताना निकिताला आठवलं की स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर एकदा मूळ अटींशी ताडून पाहायला हवा. रोज निविदेचं पान उघडून काही नवी सूचना आली का हे पाहायचं काम तिनं शिवमला दिलं होतं; ती स्वतः दिवसभर गल्ल्यांमध्ये असायची. तिनं डावा हात धुतला, लॅपटॉप शेजारच्या स्टुलावर उघडला आणि डाव्याच हातानं पान खाली सरकवलं.

उजव्या हातातला घास ताटात परत गेला.

"दादा," ती म्हणाली, "शुद्धिपत्रक क्रमांक दोन. गुरुवारी आलंय."

शिवम पुढचं ताट वाढत होता. त्याचा हात थांबला नाही, फक्त वरण ताटाच्या काठावर सांडलं.

निकितानं मोठ्यानं वाचलं. "अट चौदा पुढीलप्रमाणे वाचावी. निविदाधारक अथवा त्याचे रक्ताचे नातेवाईक यांचे नियोजन क्षेत्रातील जमिनीत हितसंबंध असल्यास, जमीन विक्रीचे करार धरून, सोबतच्या तक्त्यात नमूद करावे. नसल्यास निरंक लिहावे. समिती निर्णय घेईल."

"म्हंजे?" तुळसाबाईनं विचारलं.

"म्हणजे माझ्या नावे जमीन असली काय, नसली काय, काही फरक पडत नाही. आबांच्या नावे आहे, बाबांच्या नावे आहे, दादाच्या नावे आहे. सकाळची सही फुकट." तिनं शिवमकडं पाहिलं. "तुला गुरुवारपासून माहीत होतं?"

निकिता चिडली की तिच्या बोलण्यातलं वऱ्हाड निघून जायचं आणि पुणं येऊन बसायचं. घरातले लोक त्यावरून अंदाज बांधत. आज तर सकाळपासून ती पुणंच बोलत होती, हे शिवमच्या आता लक्षात आलं.

"होतं," तो म्हणाला. "पन त्यानं काय होते? निरंक लिवायचं. सगळे लिवतात."

"मग मला सही करायला कशाला नेलंस?"

वैजयंतीनं ताटातलं बोट चाटलं, पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "मी सांगू? त्या मोटारवाल्याले इचार. झालं नं सगळं मोकळं, म्हने थो. मले वाटलं याले आमच्या घरच्या मोकळ्या-बांधल्याचं काय पडलं."

"आत्या, तुमी मधात नका पडू."

"मी मधातच हावो रे. तूच गाडी धाडून आनलं मले."

राजपालनं ताट पुढं सारलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले. बांधावरून उतरताना तो आता आधी हात टेकायचा. "सांगून टाक रे शिवम. आज ना उद्या कयनच हाये."

"वावर इकून राह्यलो आमी," शिवम म्हणाला. "इसार झाला. गोडाऊनवाला पार्टी हाये. सगळ्यांच्या सह्या पायजे होत्या. तुहं नाव निंगालं, आता तुही लागत नाई."

"सगळं?" वैजयंतीनं विचारलं.

"अकराच्या अकरा."

"आणि त्यानं तिथंच का घेतलं?" निकिताचा आवाज खाली आला होता. "दादा, माझा नकाशा तू त्याला दाखवलास?"

शिवमला त्या क्षणी खरोखर वाटत होतं की आपण काही वाईट केलेलं नाही. तो सहा वर्षं वडलांना त्या बांधावरून उतरताना पाहत होता. शेतीत त्याला कधी रस नव्हता, आणि ते त्यानं कधी लपवलंही नव्हतं. बहिणीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर महिनाभर पसरलेला होता. त्यानं फक्त फोनवर त्याचा फोटो काढला.

"दाखोला. बाजार तिथं येनार म्हनूनच त्यानं भाव धरला. आराखड्यात बाजार तिथं दिसला का सौदा पक्का, असंच लिवलं हाये. तुले काही बदलाचं नाई निकू. तू जसं काढलं तसंच ठेव. तुहंबी भलं, आमचंबी."

"मी तिथं बाजार दाखवला कारण जमीन मुरमाड आहे. पाणी तुंबत नाही. दोन्ही बाजूंनी रस्ता येतो. तुमची आहे म्हणून नाही."

"मालूम हाये नं! तेच तं म्हनतो. तू काही खोटं केलं नाई."

"आता कोण मानेल ते?"

शिवमनं घड्याळाकडं पाहिलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

वैजयंती उठून बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुमचाबी अंगठा हाये इसारावर?"

इंद्रभानला विहीर आठवत होती, घंटा आठवत होती, आणि तीस वर्षांपूर्वीची दुपारसुद्धा. मुलींना हिस्सा द्यायचा कायदा चौऱ्याण्णवला आला आणि गावोगाव भावांची धांदल उडाली. साड्यांच्या दुकानात त्या साली इतकी गर्दी, की रिठदचे लोक म्हणत, लग्नसराईपेक्षा हक्कसराई जोरात आहे. वैजयंतीची साडी इंद्रभाननं स्वतः निवडली होती. हिरवी. आणि ती सही करताना थांबली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून तो काहीतरी बोलला होता.

"हाये," तो म्हणाला.

"तवा मले काय म्हनलं होतं?"

म्हातारा वर पंख्याकडं पाहू लागला.

"मी सांगू? वावर भावाच्या नावानं राह्यलं तं तुहं माहेर राहीन, म्हनले होते तुमी. शेत तुकडे झालं तं कोनीच राहनार नाई, म्हनले होते. तेवढ्यासाठी देल्ली मी सही. साडीसाठी नाई देल्ली." तिचा आवाज चढला नाही. "इकाचं होतं तं मलेबी इचारलं असतं. नाई म्हनली नसती मी. पन इचारलं असतं."

"तुहं नाव कुठं होतं आता त्याच्यावर?" राजपाल जमिनीकडं पाहत म्हणाला.

"तेच म्हनतो मी दादा. कुठं होतं?"

तुळसाबाईनं निकिताच्या ताटावर दुसरं ताट झाकलं. माशा बसत होत्या.

निकितानं लॅपटॉप मांडीवर, साडीवरच घेतला होता. तक्ता उघडा होता. पाच रकाने: नातेवाइकाचे नाव, नाते, गट क्रमांक, हितसंबंधाचे स्वरूप, प्राप्त लाभ.

"निरंक लिव अन् मोकळी हो माय," राजपाल म्हणाला. आता तो विनवत होता. "म्या आजवर भरलेल्या एकाबी फारमात खरं लिवलं नाई. पीकपान्यापासून जनगननेपर्यंत. सरकारलेबी मालूम राह्यते. त्यायले खरं पायजे असतं तं त्यायनं एवढा लहान रकाना ठेवला असता का?"

"बाबा, स्टॅम्पपेपरवर सही माझी आहे."

"तुही तीन वर्स जातीन."

"जातीलच. निरंक लिहिलं तरी जातील." ती टाईप करत होती. "उद्या कुणी तो इसार बाहेर काढला तर हा नकाशा कुणीही नकाशा म्हणून बघणार नाही. म्हणतील, पोरीनं बापाच्या शेतावर बाजार ओढला. त्यापेक्षा मीच लिहिते. समिती निर्णय घेईल, असं म्हटलंय. घेऊ दे."

"काय लिवून राह्यली तू?" शिवम तिच्या मागं आला आणि त्यानं पडद्यावर वाचलं. वडील, भाऊ, आजोबा. गट क्रमांक. विक्रीचा करार, घेणाराचं नाव, बाजाराची अट. चेहऱ्यावरचं सगळं हसू, सहा महिन्यांचं जमवलेलं, एका क्षणात उतरलं. "लिफाफे उघडले का हे सगळ्यांसमोर येते. पार्टी पयून जाईन. अन् माहं इलेक्शन? तुले समजते का तू काय करून राह्यली?"

"तुला समजत होतं?"

तो देवघराकडं वळला. दोन पावलांत पोहोचला. करंडा होता, घंटी होती, कुंकू लागलेली रिकामी जागा होती. डोंगल नव्हता.

"माय."

तुळसाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा हात कमरेच्या चंचीवर होता.

"आन इकडं."

"तुह्या बहिनीचा हाये थो."

"माय, तो तिच्या हातात गेला तं मी या घरात पाय ठेवनार नाई. पाह्य बरं. खरं सांगून राह्यलो."

तुळसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. राजपाल जमिनीकडंच पाहत होता. सासऱ्याकडं पाहिलं, त्यांनी डोळे मिटले होते, आणि ते झोपलेले नाहीत हे तिला तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीनं कळत होतं. वैजयंतीकडं पाहायची तिला गरज वाटली नाही. शिवम तिचा पहिला. त्याला गोवर आला होता तेव्हा तिनं नऊ रात्री बसून काढल्या होत्या. तो बोलल्याप्रमाणे वागतो, निदान रागात बोलल्याप्रमाणे तरी, हेही तिला माहीत होतं.

तिनं चंची सोडली. प्लास्टिकची पिशवी काढली. कुंकू पदरानं पुसलं.

"सकाळी तुमी तिची सही घेतली," ती मुलाला म्हणाली. "माही घेतली होती माह्या भावायनं. यायची घेतली." तिनं वैजयंतीकडं बोट केलं. "हे तिची एक राह्यली. एवढी तरी तिच्या हातात असू दे."

आणि तिनं तो डोंगल निकिताच्या तळहातावर ठेवला.

शिवम जिना उतरून गेला. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग कुठल्याशा वळणावर त्याचा फोन वाजला असावा, कारण मोटारसायकल थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली.

निकितानं चार रकाने भरले होते. पाचव्यावर तिचं बोट थांबलं. प्राप्त लाभ. तिनं स्वतःच्या मांडीकडं पाहिलं. मग लिहिलं.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी निविदा गेली. पोच आली. इंद्रभान डोळे न उघडता एवढंच म्हणाला, "घंटा नोती आयकू येत. पानी लागलं होतं, तेवढंच." हे तो कुणाला म्हणाला, ते कुणालाच कळलं नाही.

चारच्या गाडीनं वैजयंती किन्हीराजाला निघाली. निकिता तिच्याबरोबर गेली. साडी तिनं नेली.

लिफाफे, म्हणजे संगणकावरून आलेल्या निविदांच्या छापील प्रती, आठव्या दिवशी पालिकेच्या सभागृहात उघडले. शिवम त्या दुपारपासून घरी जेवला नव्हता. रिठदला मित्राकडं राहत होता. गोडाऊनवाल्यानं फोन घेणं बंद केलं होतं. राजपाल रोज सकाळी अकरा एकरांत जाऊन बांधावर बसत होता, कामासाठी नाही. तुळसाबाई दोघा लेकरांची दोन ताटं जास्तीची वाढून झाकून ठेवायची आणि संध्याकाळी गाईला घालायची.

तीनच निविदा आल्या होत्या. सभागृहात समितीचे चार साहेब, कोपऱ्यात संगणकावर नोंदी घेणारी एक बाई, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर निविदाधारकांची माणसं. निकिताच्या शेजारी वैजयंती बसली होती. पहिली निविदा अनामत रकमेच्या कागदाअभावी बाद झाली. दुसरी त्या चिकण्या कागदवाल्या कंपनीची. साहेबांनी तक्ता पाहिला.

"निरंक," ते म्हणाले. "पात्र."

कंपनीच्या माणसानं हात जोडले.

तिसरी निकिताची. साहेबांनी तक्ता उघडला, चष्मा वर केला, खाली केला. आठ वर्षांच्या नोकरीत भरलेला तक्ता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. ते मोठ्यानं वाचू लागले. वडील. भाऊ. आजोबा. गट क्रमांक. करार. अट. खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडं पाहू लागली.

"प्राप्त लाभ," साहेब वाचत गेले, "एक साडी, एक खण, एक नारळ, जेवण अर्धे."

आधी एक जण हसला. मग सगळे. कंपनीच्या माणसानं रुमाल तोंडाला लावला. साहेबसुद्धा हसले आणि कागद शेजारच्या साहेबांकडं सरकवला. चौघांनी माना एकत्र केल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"रत्नमालाबाई, घ्या. हितसंबंध असल्याचे निविदाधारकाने स्वतः मान्य केल्याने..."

कोपऱ्यातल्या बाईंनी बोटं कळफलकावर ठेवली होती, पण ती हलत नव्हती. निकिता आणि वैजयंती सोडून सभागृहात हसल्या नव्हत्या त्या एकट्याच. त्यांनी पडद्याआडून मान काढून निकिताकडं पाहिलं.

"कोनता रंग होता?" त्यांनी हळूच विचारलं.

"अंजिरी," निकिता म्हणाली.

"माही पिवळी होती," रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी निकिताच्या नावापुढं लिहिलं, अपात्र.